गरुडांची शिरगणती

ठाकुर्ली स्थानकाच्या पुलावर उभे राहून आकाशातील घारी मोजून पाहा. दहापर्यंत पोचतो न पोचतो तोच एक घार इमारतीआड जाते आणि दुसरीकडून एक बाहेर येते. ती नवी, की मघाचीच? माणसांच्या शिरगणतीत नाव विचारता येते. पक्ष्याला कसे विचारणार?

कझाकस्तानातील नाउर्झूम येथे गरुडांच्या अभ्यासकांपुढे हीच अडचण होती. १९३१ साली राखीव झालेल्या या गवताळ प्रदेशात मधूनमधून पाइनची वने आहेत व चार जातींचे गरुड तेथे घरटी करतात. त्यांपैकी शाही गरुड हिवाळ्यात आपल्या देशातही येतो. घरटी मोजणे त्यामानाने सोपे. घरटे जागचे हलत नाही. पण हा गरुड प्रौढ होण्यास काही वर्षे लागतात. तोवर ही तरुण मंडळी घरट्याविना भटकतात आणि रात्री झाडांवर एकत्र मुक्काम करतात. आज आलेली उद्या येतीलच असे नाही.

उत्तर झाडांखालीच पडले होते: गळलेली पिसे! पिसाच्या देठात पेशींचे अवशेष राहतात व त्यांतून डीएनए मिळतो. त्यातील काही ठरावीक तुकड्यांची लांबी प्रत्येक पक्ष्यात निरनिराळी असते. अशा अनेक तुकड्यांची लांबी जुळली, तर दोन्ही पिसे एकाच गरुडाची. जात कळते, नर की मादी हेही कळते.

ज्यांचे पीस सापडलेच नाही त्यांचे काय? समजा, शंभर पिसांत तेच तेच गरुड पुन्हा आढळू लागले. म्हणजे थोडेच राहिले. प्रत्येक पीस नव्या गरुडाचे निघाले, तर पुष्कळ बाकी आहेत.

टॉड कॅट्झनर, येवगेनी ब्रागिन आणि पर्ड्यू विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली या मोजणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नजरेने मोजलेल्या संख्येच्या मानाने गरुड कितीतरी अधिक निघाले!

मग शाही गरुड सुरक्षित झाला का? तसे नाही. प्रौढ गरुड मेला की त्याची जागा या तरुणांपैकी कोणीतरी घेतो. तरुण घटू लागले, तरी घरट्यांचा आकडा कित्येक वर्षे तसाच दिसेल, आणि मग एकदम कोसळेल. म्हणून या बिनघरट्याच्या गरुडांची मोजदाद हवी.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. तेव्हा परवानगीशिवाय पिसे गोळा करू नयेत. घारी सायंकाळी ज्या झाडावर उतरतात ते मात्र शोधावे आणि दोघांनी दोन बाजूंनी मोजावे. दोघांचे आकडे सहसा जुळत नाहीत.