कोणतं वडगाव?

"ताई, लवकर गाडी पाठवा."

"कुठून बोलताय दादा?"

"घरून."

"गाव कोणतं?"

"वडगाव."

"कोणतं वडगाव?"

"अवं, आमचं वडगाव!"

यात फोन करणाऱ्याचं काही चुकत नाही. जन्मभर त्याने गावाचं नाव एवढंच सांगितलेलं असतं आणि ऐकणाऱ्यालाही ते पुरलेलं असतं. पण एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ आहे, वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द आहे, वडगाव निंबाळकर, वडगाव रासाई, वडगाव आनंद, वडगाव कांदळी आहे. बाकीच्या जिल्ह्यांतली वडगावं वेगळी. पिंपळगाव, सावरगाव आणि नांदगावांची गोष्ट तीच. कानाला हेडफोन लावून बसलेल्या मुलीला यातलं नेमकं एक गाव निवडायचं असतं, आणि पलीकडे मागून कुणीतरी ओरडत असतं.

समोरच्या पडद्यावर नकाशा असतो. फोन कुठल्या टॉवरवरून आला ते त्यावर दिसतं, पण खेड्यापाड्यात एकेका टॉवरचं रिंगण कित्येक किलोमीटरचं असतं आणि त्यात चार गावं आणि दहा वस्त्या मावतात. तालुका विचारला तर घाबरलेला माणूस जिल्हा सांगतो. म्हणून ती विचारते, "जवळ मराठी शाळा आहे का? भिंतीवर काय लिहिलंय ते वाचा बरं." जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवर मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा सगळं रंगवलेलं असतं. रात्र असेल तर, "लाइट बिल सापडतंय का बघा." तेही नसेल तर, "एसटी कुठल्या डेपोची येते तुमच्याकडे?" एसटीच्या डेपोवरून ती तालुका ताडते, तालुक्यावरून गाव. हे प्रश्न तिला कुणी शिकवलेले नाहीत. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत 'पत्ता विचारणे' अशी एकच ओळ आहे.

आणीबाणीचे फोन घेणाऱ्या अशा एका नियंत्रण कक्षात मला रात्रपाळीला बसायला मिळालं. कक्ष कोणता, शहर कोणतं हे लिहायचं नाही, अशी अट होती. अट साहेबांची नव्हती, तिथे काम करणाऱ्या मुलींची होती. नाव छापून आलं तर नोकरी दुसऱ्या दिवशी जाते, हे त्यांनी हसत हसत सांगितलं.

महाराष्ट्रात 108ची रुग्णवाहिका सेवा 26 जानेवारी 2014 रोजी सुरू झाली. तिच्या 937 रुग्णवाहिकांपैकी 233 अत्याधुनिक जीवरक्षण यंत्रणेच्या आणि 704 प्राथमिक जीवरक्षणाच्या होत्या. त्याआधी 2005 मध्ये हैदराबादेत हा क्रमांक पहिल्यांदा वाजला होता. पुढे पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका या सगळ्यांसाठी देशभर 112 आला. या सेवांविषयी बातमी आली की गाड्या किती आणि त्या किती मिनिटांत पोचल्या ते छापून येतं. गाडी निघण्याआधी कुणीतरी फोन उचलतं, त्या खुर्च्यांची संख्या मी आजवर कुठल्या बातमीत वाचलेली नाही.

कक्ष थंड असतो. यंत्रांसाठी एसी कायम लावलेला, त्यामुळे मे महिन्यातही खुर्च्यांच्या पाठीवर स्वेटर लटकतात. हेडफोनचा स्पंज प्रत्येकीचा स्वतःचा, पर्समध्ये ठेवलेला. फोन वाजतो असंही नाही. कानात एक बीप होते आणि फोन आपोआप उचलला जातो. थांबायचं असेल तर संगणकावर 'ऑक्स' टाकावा लागतो, म्हणजे तेवढा वेळ तुमच्या खुर्चीकडे फोन येत नाहीत. चहाचा ऑक्स, जेवणाचा ऑक्स, बाथरूमचा ऑक्स. प्रत्येकाची मिनिटं मोजलेली असतात आणि महिन्याच्या शेवटी तक्त्यात येतात. "पाळी असली की ऑक्स वाढतो," साताऱ्याकडची एक मुलगी म्हणाली, "आणि टीएल विचारतो, का वाढला." टीएल म्हणजे टीम लीडर. तोही मुलींसारखाच कंत्राटी, आणि त्यालाही वरून तेच विचारलं जातं.

येणाऱ्या फोनांतला मोठा भाग कामाचा नसतोच. हातातल्या हातात पॉवरचं बटण तीनदा दाबलं जाऊन लागलेले फोन, लहान मुलांनी लावलेले, रिचार्ज कसा करायचा विचारणारे. आणि बाईचा आवाज ऐकायला फोन करणारे. आपणहून फोन तोडायचा नाही, असा दंडक आहे. त्यामुळे घाण बोलणाऱ्यालाही "आपल्याला काही मदत हवी आहे का?" असं ठरल्याप्रमाणे पुन्हा विचारावं लागतं. का, तर दहा शिव्या ऐकल्यावर अकरावा फोन खरा असू शकतो. हे कारण मुलींना पटलेलं आहे. न पटणारी गोष्ट वेगळीच आहे. फोनची गुणवत्ता तपासणारे रेकॉर्डिंग ऐकतात आणि त्या अकराव्या फोनवर 'आवाजात आपुलकी कमी' म्हणून गुण कापतात.

रात्री दीडच्या सुमाराला जळगावकडच्या एका मुलीच्या कानात एक बाई ओरडली, "मना पोऱ्याले साप चावना!" मुलगी त्याच बोलीत उत्तर देऊ लागली आणि पलीकडचा आवाज दोन वाक्यांत खाली आला. पोराला चालवू नका, पाय हलवू देऊ नका, दोरी आवळून बांधू नका, ब्लेड लावू नका. अहिराणीत सांगितलेलं हे त्या बाईने ऐकलं. प्रमाण मराठीत सांगितलं असतं तर ऐकलं असतं का, कोण जाणे. शेजारच्या खुर्चीवर हाच फोन गेला असता तर 'चावना' हे चावलं आहे की चावू नये म्हणून सांगतेय, इथपासून सुरुवात झाली असती.

नुसती बोलीच नव्हे, दुखणं सांगायची रीतही गावागावाची वेगळी. सापाचं नाव रात्री घेत नाहीत म्हणून कुणी 'जनावर' म्हणतं, कुणी 'पान लागलं' म्हणतं. 'वारं गेलं' म्हणजे अर्धांगवायू. 'दातखिळी बसली', 'डोळं फिरवलं', 'छातीत कळ आली', 'पाणी गेलं'. पडद्यावरच्या यादीत मात्र ठराविक पर्याय असतात: सर्पदंश, पक्षाघात, फिट, हृदयविकार, प्रसूती. ऐकलेलं यादीत बसवायचं, आणि चुकीच्या घरात टिचकी पडली तर साधी गाडी जाते, जिथे मॉनिटर आणि व्हेंटिलेटरची गाडी जायला हवी होती. नव्या मुलीने 'पान लागलं' ऐकून विडा घशात अडकला असावा असं समजून 'गुदमरणे' निवडल्याचा किस्सा तिथे सांगतात. सांगताना हसतात. ती मुलगी तीन महिन्यांतच नोकरी सोडून गेली.

पगाराचा आकडा मला कुणीच सांगितला नाही. पण जळगावकडच्या मुलीने जेवणाच्या ऑक्समध्ये मोबाईलवर पगाराची पावती उघडून दाखवली, आकड्यावर अंगठा धरून. कपाती दिसत होत्या आणि तेवढ्यावरून बरंच कळतं. ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, पाऊण टक्का कापलेला होता, म्हणजे वेतन 21,000च्या आत. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाच्या पावतीवर व्यवसाय कराचे 200 रुपये होते. तिच्या पावतीवर नव्हते, कारण 2023च्या एप्रिलपासून महाराष्ट्रात 25,000पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो कर माफ आहे. "एवढ्यापुरती मी याच्यापेक्षा श्रीमंत," ती म्हणाली. भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के तिचे कापलेले होतेच, पण नेमणूकपत्रात कंपनीने भरायचा हिस्साही 'पगारा'तच धरलेला होता. घरी सांगितलेला पगार आणि हातात येणारा पगार यांच्यातलं अंतर तिला पहिल्या महिन्यातच कळलं. रात्रपाळीचा भत्ता अशी ओळ पावतीवर नव्हती. बदली माणूस आला नाही की बसलेल्याने पुढची पाळी ओढायची. 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा तासांना दुप्पट दर आहे. इथे त्याला 'ॲडजस्टमेंट' म्हणतात, म्हणजे पुढे कधीतरी एक सुट्टी.

हे राज्यातल्या असंख्य कंत्राटी नोकऱ्यांविषयी लिहिता येईल, आणि मला तेवढंच लिहायचं नाही. किमान वेतनाच्या तक्त्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल असे स्तर असतात. संगणक येतो, टायपिंग येतं, या हिशेबाने या मुली कुठल्यातरी घरात बसवल्या जातात. वाड्या-वस्त्या माहीत असणं, अहिराणी येणं, किंचाळणाऱ्या माणसाकडून तीस सेकंदांत तालुका काढून घेणं याला तक्त्यात घरच नाही. उलट त्याचा तोटा होतो. फोन सरासरी किती वेळात संपतो यावर गुण असतात. जी मुलगी शाळेची भिंत वाचायला लावते तिचा फोन लांबतो, जी तालुक्याचं नाव अंदाजाने भरून पुढे ढकलते तिचा आकडा चांगला दिसतो. चुकलेली गाडी परत फिरवण्याचा वेळ चालकाच्या खात्यावर पडतो, तिच्या नाही.

शिवाय अनुभव साठतच नाही. कंत्राट संपतं, निविदा निघते, नवी कंपनी येते. खुर्ची तीच, हेडफोन तोच, मुलगीही तीच, फक्त नेमणुकीची तारीख नवी. 1972च्या ग्रॅच्युइटी कायद्यात सलग पाच वर्षांची अट होती. ती एका मालकाकडे पुरी व्हायच्या आत मालक बदलला तर काय, यावर साताऱ्याकडची मुलगी एवढंच म्हणाली, "आम्ही कायम नवीनच." निविदेत खुर्चीचा दर असतो. त्या खुर्चीवर सात वर्षं बसलेली आणि सात दिवस बसलेली, दर एकच.

अमेरिकेत या कामाला संघटना आहेत, पगार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, पण दुखणं ओळखीचं आहे. तिथल्या सरकारी व्यवसाय-वर्गीकरणात 911 या आणीबाणीच्या क्रमांकावरचे फोन घेणारे कार्यालयीन आणि कारकुनी कामाच्या गटात मोडतात. पोलीस आणि अग्निशामक दलाचा 'संरक्षण सेवा' हा गट वेगळा, आणि त्यात जलतरण तलावावरचे जीवरक्षक आहेत, शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणारे आहेत, पार्किंगची पावती फाडणारेही आहेत. गट बदलावा म्हणून 2019 मध्ये विधेयक मांडणाऱ्यांत खासदार नॉर्मा टॉरेस होत्या. त्या स्वतः लॉस एंजेलिस पोलिसांच्या फोनवर वर्षानुवर्षं बसलेल्या. स्पॅनिश बोलणारं कुणी मोकळं नसल्यामुळे एक फोन 20 मिनिटं ताटकळला आणि त्यात एका 11 वर्षांच्या मुलीचा खून झाला, या अनुभवातून आपण राजकारणात आलो असं त्या सांगतात. द्विभाषक नेमा, त्यांना वेगळे पैसे द्या, हे त्यांचं पहिलं भांडण. जळगावकडच्या मुलीला मी हे सांगितलं. तिने विचारलं, "मग मिळाले का वेगळे पैसे?"

पहाटे तीननंतर फोन कमी होतात, पण उरलेले बहुतेक खरे असतात. एका घाटातून फोन आला: कळा सुटल्यात, गाडी अजून लांब आहे. साताऱ्याकडच्या मुलीने कक्षातल्या डॉक्टरांना जोडून घेतलं. डॉक्टर एकेक गोष्ट सांगत होते आणि ती सोप्या बोलीत पुन्हा सांगत होती. बाळाला कोरड्या फडक्याने पुसा, आईच्या अंगावर ठेवा, दोघांवर पांघरूण घाला, नाळ ओढू नका, कापू नका. मधेच रेंज गेली. तिने परत लावला, लागला नाही, पुन्हा लावला. तेवढ्यात पडद्यावर गाडी पोचल्याची खूण आली आणि फोन संपला असं धरून यंत्राने पुढचा फोन तिच्या कानात सोडला. कुणाची तरी स्कूटर घसरली होती. बाळाचं काय झालं हे तिला कळलं नाही आणि कळायची सोयही नाही, कारण तिच्या पडद्यावर 'केस क्लोज' एवढंच येतं.

असं न कळणंच आत साचतं, असं तिथे जवळजवळ प्रत्येकीने वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. 2012 मध्ये नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी 911वर काम करणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा घटनास्थळी पाऊल न ठेवताही आघाताची लक्षणं त्यांच्यात आढळली. लहान मुलाचा मृत्यू ऐकणं हा अनेकांनी सगळ्यात वाईट फोन सांगितला होता. आपल्याकडे कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी कायद्याच्या परिशिष्टात आहे. गोंगाटाने येणारं बहिरेपण त्यात आहे. कानाने जे ऐकलं त्याचं काही त्यात नाही. समुपदेशक आहेत का, असं मी विचारलं. भिंतीवर एक क्रमांक लावलेला होता. तो दिवसा दहा ते पाच लागतो, आणि रात्रपाळीची माणसं त्या वेळी झोपलेली असतात.

सकाळी सातला पाळी सुटते. मुलींना सोडायला गाडी असते, पण ती भरल्याशिवाय निघत नाही. तोवर गेटबाहेर चहा. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं जवळजवळ सगळ्यांच्या पिशवीत होती, तलाठी, पोलीस भरती, जिल्हा परिषद. साताऱ्याकडची मुलगी पोलीस भरतीला दोनदा धावली आहे. तिच्या मते भरती झालं आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात बसवलं तर काम साधारण हेच, फक्त कायमस्वरूपी.

काही महिन्यांनी जळगावकडच्या मुलीचा फोन आला. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत तिला लिपिकाची नोकरी मिळाली होती. पगार जवळपास तेवढाच, रात्रपाळी नाही. राजीनामा दिल्यावर शेवटच्या दिवसांत कंपनीने तिला नव्या मुलींच्या बॅचला खानदेशातली गावं आणि थोडी अहिराणी शिकवायला बसवलं होतं. त्याचे वेगळे पैसे मिळाले नाहीत.