चित्रामागचा पत्ता

उत्तर कन्नड जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या आणि काळी नदीवर बोट ठेवा. जोयडा तालुक्यातल्या डिग्गी गावाजवळ ही नदी उगम पावते, दांडेलीच्या जंगलातून वळणं घेत जाते आणि साधारण 184 किलोमीटरचा प्रवास करून कारवारजवळ अरबी समुद्राला मिळते. वाटेत गणेशगुडीला एक भलंमोठं धरण लागतं. उंची 101 मीटर, म्हणजे तीस मजली इमारतीएवढी! त्याचं नाव सुपा धरण.

आता त्याच नकाशात सुपा गाव शोधा बरं. धरण सापडेल, जलाशय सापडेल, आजही पुष्कळ लोकांच्या बोलण्यात ‘सुपा तालुका’ असतो. पण काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं ते जुनं गाव कुठेच दिसणार नाही. 1980 नंतरच्या दशकात धरण पूर्ण झालं, पाणी चढलं आणि गाव जलाशयाखाली गेलं. लोक उठून रामनगरसारख्या नव्या वस्त्यांत राहायला गेले. तालुक्याचं मुख्य ठिकाण जोयडा झालं. नाव मात्र राहिलं.

मुलांनो, नाव एका जागी आणि वस्तू दुसऱ्या जागी हा प्रकार तुमच्या संगणकात रोज घडतो. पडद्यावर एक छोटंसं चित्र असतं, खाली नाव असतं. तुम्ही त्यावर दोनदा टिचकी मारता आणि निबंध उघडतो, फोटो उघडतो, खेळ सुरू होतो. साहजिकच वाटतं की तो निबंध त्या चित्रातच बसलेला आहे. पुष्कळदा तसं नसतं. निबंध कुठेतरी आत, फोल्डरच्या आतल्या फोल्डरमध्ये असतो आणि बाहेरच्या चित्राकडे असतो फक्त त्याचा पत्ता.

हे चित्र म्हणजे आयकॉन. फाईलकडे बोट दाखवणाऱ्या आयकॉनला शॉर्टकट म्हणतात. विंडोज वापरत असाल तर नीट बघा, अशा आयकॉनच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीकसा वाकडा बाण असतो. बाण दिसला की समजायचं, ही फाईल नाही, हा पत्ता आहे. 1995 साली विंडोज 95 आलं तेव्हापासून तो बाण तिथे आहे.

समजा, जोयड्यातल्या एका मुलीने कंदमुळांवर प्रकल्प केला आहे. जोयड्याचे कुणबी शेतकरी कितीतरी जातींची कंदमुळं पिकवतात आणि दरवर्षी तिथे कंदमुळांचा मेळाही भरतो, त्यामुळे लिहायला भरपूर. तिने कणगीवर लिहिलं, मुडलीवर लिहिलं, फोटो काढले. तिची फाईल आहे ‘शाळा’ या फोल्डरमध्ये, त्यातल्या ‘सातवी’मध्ये, त्यातल्या ‘विज्ञान’मध्ये, त्यातल्या ‘प्रकल्प’मध्ये. रोज चार दारं उघडत आत जायचं म्हणजे कंटाळाच. मग ती काय करते? फाईलवर माउसचं उजवं बटण दाबते. यादीतून ‘सेंड टू’ आणि पुढे ‘डेस्कटॉप, क्रिएट शॉर्टकट’ निवडते. विंडोज 11 असेल तर आधी ‘शो मोअर ऑप्शन्स’वर जावं लागतं. झालं, पडद्यावर आयकॉन हजर. ऑल्टचं बटण दाबून धरून फाईल डेस्कटॉपवर ओढत आणली तरी हेच काम होतं.

फाईलचा पत्ता एवढा लांबलचक कशाला हवा? कारण एकाच नावाच्या अनेक फाईली असू शकतात. गावांचं बघा ना. सुपा काय फक्त काळी नदीकाठीच होतं? पारनेर तालुक्यात सुपा आहे, बारामती तालुक्यात सुपे आहे, आणि शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं सुपे ते हेच. नुसतं ‘सुप्याला जायचंय’ म्हटलं तर बसवाला विचारणारच, कुठल्या? राज्य, जिल्हा, तालुका, गाव असं क्रमाने सांगितलं की घोटाळा होत नाही. संगणकही डिस्क, फोल्डर, आतलं फोल्डर, फाईल या क्रमाने पत्ता लिहितो. त्याला ‘पाथ’ म्हणतात.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. तो पत्ता कसा लिहिलेला असतो, हे डोळ्यांनी बघता येतं!

विंडोजमध्ये आयकॉनवर उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. ‘टार्गेट’ या चौकटीत अख्खा पाथ लिहिलेला दिसेल. विंडोजऐवजी लिनक्स वापरत असाल तर याहून जास्त मजा आहे. तिथे पुष्कळ आयकॉन म्हणजे साध्या मजकुराच्या फाईली असतात, आपण वहीत पाच-सात ओळी लिहाव्यात तशा. पहिल्या ओळीत चौकोनी कंसात ‘डेस्कटॉप एन्ट्री’ असं शीर्षक. मग एका ओळीत प्रकार, एका ओळीत नाव, एका ओळीत कोणता आदेश चालवायचा ते आणि एका ओळीत कोणतं चित्र लावायचं ते. संपला आयकॉन! या ओळी हाताने लिहायच्या नसतील तर त्या लिहून देणारी छोटी उपकरणं असतात, त्यांना युटिलिटी म्हणतात. एक्सएफसीई या डेस्कटॉपवर मोकळ्या जागी उजवं बटण दाबून ‘क्रिएट लाँचर’ निवडलं की एक अर्ज उघडतो: नाव, टीप, आदेश, चित्र. तुम्ही अर्ज भरता, युटिलिटी त्या ओळी लिहून टाकते. मेनूलिब्रे नावाची युटिलिटीही असंच काम करते.

नावाच्या त्या ओळीत आणखी एक गंमत आहे. नाव एकच देऊन थांबायची गरज नसते. ‘नेम’ या शब्दापुढे चौकोनी कंसात भाषेची खूण टाकायची आणि त्या भाषेतलं नाव लिहायचं. मराठीची खूण ‘एमआर’, कन्नडची ‘केएन’, कोंकणीची ‘केओके’. जोयड्याकडच्या मुलांना हे किती जवळचं वाटेल! घरी कोंकणी, बाजारात मराठी, शाळेत कन्नड असं तिथे सहज चालतं. त्यांच्या संगणकावरच्या एकाच आयकॉनला तिन्ही नावं देता येतात. संगणकाची भाषा बदलली की चित्र तेच, पत्ता तोच, फक्त खालचं नाव बदलतं. एखादी भाषा ‘मोठी’ आणि एखादी ‘छोटी’ असा भेद ती फाईल करत नाही, प्रत्येकीला एक ओळ देते. मला हे फार मोलाचं वाटतं.

आता चित्राकडे वळू. कागद, कपाट, कचऱ्याची टोपली अशी चित्रं पडद्यावर मांडायची कल्पना कुणाला सुचली? डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ या अमेरिकी संशोधकाने 1975 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात ‘आयकॉन’ हा शब्द या अर्थाने वापरला. पुढे झेरॉक्स कंपनीत त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘स्टार’ नावाच्या संगणकावर ही कल्पना आणली. तो 1981 साली बाजारात आला. त्याआधी संगणकाशी बोलायचं म्हणजे आदेश पाठ करून टंकावे लागत. एक अक्षर चुकलं की संगणक ऐकायचा नाही. चित्राकडे बोट दाखवणं मात्र कुणालाही जमतं, अगदी अजून अक्षर न लावता येणाऱ्या मुलालासुद्धा.

1984 साली ॲपलचा मॅकिंटॉश आला. त्याचे आयकॉन सुझान केअर या चित्रकार बाईंनी काढले होते. त्यांनी सुरुवात संगणकावर केलीच नाही. आलेखाची वही घेतली, 32 आडवे आणि 32 उभे चौकोन आखले आणि एकेक चौकोन भरत चित्रं काढली. एकूण चौकोन 1024. प्रत्येक चौकोन काळा किंवा पांढरा, तिसरा रंगच नाही. काळा म्हणजे 1, पांढरा म्हणजे 0. आठ चौकोनांचा एक बाइट धरला तर पूर्ण चित्र 128 बाइटमध्ये मावतं. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोच्या जागेत अशी हजारो चित्रं बसतील.

हा प्रयोग तुम्ही करायलाच हवा. गणिताच्या चौकटीच्या वहीत 32 गुणिले 32 चौकोनांचा चौरस आखा आणि त्यात धनेश काढा. दांडेली-जोयड्याच्या जंगलात हा पक्षी हमखास दिसतो. मोठी बाकदार चोच आणि चोचीवर शिंगासारखा उंचवटा. काढायला बसलात की लगेच प्रश्न पडतील. पिसं दाखवायची का? जागा नाही. पाय? नको. फांदी? एखादी ओळ पुरे. आता हाच धनेश 16 गुणिले 16 मध्ये काढून बघा. मिळतील फक्त 256 चौकोन. शेवटी चोच आणि तिच्यावरचा उंचवटा तेवढा उरेल, आणि तरीही बघणारा म्हणेल, ‘अरे, धनेश!’ मोठं चित्र नुसतं आक्रसून लहान केलं तर त्याचा गिचगोळा होतो. म्हणून चांगले चित्रकार लहान आकारासाठी चित्र नव्याने काढतात. विंडोजच्या आयकॉनच्या एकाच फाईलमध्ये एका बाजूला 16, 32, 48 आणि 256 चौकोन असलेली वेगवेगळी चित्रं ठेवता येतात. जिथे जेवढी जागा, तिथे तेवढं चित्र पुढे येतं.

बरं, फाईल हलवली तर काय होतं? त्या मुलीने प्रकल्पाची फाईल ‘सातवी’तून उचलून ‘जुनी कामं’ या फोल्डरमध्ये टाकली. डेस्कटॉपवर आयकॉन तसाच आहे, चित्रही तेच. टिचकी मारली तर? लिनक्समध्ये पाथवर चालणारा दुवा जुन्या पत्त्यावर जातो, तिथे काहीच नाही म्हणून रिकाम्या हाताने परत येतो. सुपा गावाच्या जुन्या पत्त्यावर आज पत्र पाठवलं तर दुसरं काय होणार?

विंडोज थोडं जास्त शोधतं. शॉर्टकटमध्ये पाथच्या जोडीला फाईलची आणखी माहिती नोंदलेली असते. ती केव्हा तयार झाली, किती मोठी आहे, शिवाय डिस्कवरची तिची ओळख पटवणारी एक खूण. त्याच डिस्कवर फाईल हलली असेल तर या खुणांवरून ती पुष्कळदा सापडते. मॅकमध्ये शॉर्टकटला एलियस म्हणतात आणि तो फाईलचा क्रमांकही लक्षात ठेवतो. पत्ता बदलला तरी क्रमांक तोच, त्यामुळे तोही फाईल हुडकून काढतो. फाईल नुसती हलवली असेल तर हे सगळं जमतं, पुसून टाकली असेल तर कुणालाच जमत नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. फाईल एका जागेवरून दुसऱ्या जागी नेली तर तिचं अक्षरही इकडचं तिकडे होत नाही. गावाचं तसं नसतं. घरं, शेतं, देवळं, झाडं, पाणवठे उचलून नेता येत नाहीत. सुप्याचे लोक नव्या जागी गेले, पण गाव त्यांच्याबरोबर जाऊ शकलं नाही. सुपा धरणाच्या पायथ्याशी 50 मेगावॉटची दोन जनित्रं आहेत आणि खाली काळीवर आणखी वीजघरं आहेत. त्यांच्या विजेवर कुठेतरी तुमच्याएवढ्याच एखाद्या मुलाचा संगणक चालत असेल. त्या विजेसाठी कुणीतरी आपलं गाव दिलं, हे त्या मुलाला माहीत असायला हवं.

आणखी एक सावधगिरी. आयकॉनला नाव आणि चित्र कोणतंही देता येतं, हे आपण पाहिलं. म्हणजे फोटोचं चित्र लावलेला आयकॉन प्रत्यक्षात भलताच प्रोग्रॅम चालवू शकतो. सायबर कॅफेवाले ज्याला ‘शॉर्टकट व्हायरस’ म्हणतात तो हेच करतो. पेनड्राइव्हवरचे खरे फोल्डर लपवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट ठेवतो. तुम्ही ‘फोटो’वर टिचकी मारता आणि व्हायरस जागा होतो. 2010 साली उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या व्हायरसने तर कमालच केली होती. त्याच्या शॉर्टकटवर टिचकी मारायचीही गरज नव्हती. पेनड्राइव्ह उघडून विंडोजने नुसतं ते चित्र पडद्यावर काढलं तरी तो शिरकाव करत असे. मायक्रोसॉफ्टने ती फट नंतर बुजवली. तरीही फोल्डरच्या चित्रावर बाण दिसला तर थांबा आणि ‘प्रॉपर्टीज’मध्ये टार्गेट वाचा. लिनक्समध्येही अनोळखी लाँचर उघडताना ‘यावर विश्वास ठेवू का?’ असं संगणक विचारतो, तेव्हा घाईने ‘हो’ म्हणू नका.

उद्या प्रकल्प शाळेत न्यायचा असेल तर आजच पेनड्राइव्हवर फाईलचा आकार बघून ठेवा. एक-दोन केबी दिसले तर तुम्ही नुसता शॉर्टकट घेतला आहे आणि शाळेच्या संगणकावर तो उघडणार नाही. फोटो घातलेला प्रकल्प काही एमबींचा असतो. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर उजवं बटण दाबून ‘ओपन फाईल लोकेशन’ निवडा, मूळ फाईल गाठा आणि तीच कॉपी करा.