कोंबडीला छावणी नसते

सप्टेंबर 2025 च्या त्या रात्री नदीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा गायीचं दावं आधी सोडलं, मग शेळ्या जिन्यानं माळवदावर चढवल्या. डालग्याखाली झाकलेल्या चौदा कोंबड्यांची आठवण झाली तेव्हा डालग्यावरून पाणी वाहत होतं. मुंगसाच्या भीतीनं डालग्यावर दगड आईनंच ठेवला होता, रोज ठेवते तसा.

पुढं पंचनामा झाला. मदतीच्या निकषांत दुधाळ जनावराला 37,500 रुपये, ओढकामाच्या जनावराला 32,000 आणि कोंबडीला 100. आमच्या आठवडे बाजारात अंड्यावर आलेली गावरान तलंग सहाशेच्या खाली कुणी देत नाही. मी संतापले. आई म्हणाली, "आवंदा निदान कागदावर तरी लिवली. दुष्काळात कुनी इचारलं बी नव्हतं."

तिचं ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मी आज जे लिहिते आहे ते त्या न विचारलेल्या वर्षांबद्दल.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं. याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या आसपास पाऊस झोडपून काढतो. ढग तिथं रिकामे होतात आणि आमच्याकडं पोचतो तो नुसता वारा. पाचशे मिलिमीटर पडला तरी आम्ही साल बरं म्हणतो. एप्रिल-मेमध्ये माळावर उभं राहिलं की वाळवंट म्हणायला फक्त वाळूच कमी, असं वाटतं. अशा मुलखात गायीपेक्षा कोंबडी शहाणी. तिला वैरण लागत नाही, दावण लागत नाही आणि तिचा पैसा बाईच्या हातात येतो. दुधाचा हिशेब डेअरीच्या वहीत पुरुषाच्या नावावर. अंड्यांचा हिशेब पदराच्या गाठीत. माझी दहावीची फी त्या गाठीतून भरली गेली.

2010 च्या आधीच्या वर्षांबद्दल मला फारसं सांगायचं नाही. कोंबड्या होत्या. दोन-तीन वर्षांनी मानमोडी यायची, आठ दिवसांत खुराडं रिकामं व्हायचं आणि कुणाकडून तरी वाट्यानं एखादी कोंबडी आणून पुन्हा सुरुवात व्हायची. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा आमच्याकडं एकही पक्षी आजारी नसताना बाजारात कुणी अंड्याला हात लावेना. तेही दोन-तीन महिन्यांत विरलं. 2010 साली वडील गेले आणि मी बदली मागून आईजवळ राहायला आले. पुढची दहा वर्षं मात्र मला दिवसागणिक आठवतात.

2012 साली मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. दिवाळीच्या आधीच विहिरीचा तळ दिसला आणि टँकर सुरू झाला. माणशी दिवसाला वीस लिटर पाणी, असं ते गणित. कोंबडी एरवी पावशेर पाणी पिते. उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. आईकडं तेव्हा वीस कोंबड्या होत्या, म्हणजे दिवसाला दहा लिटर, अर्ध्या माणसाचं पाणी. ओसरीवर बसून चुलत्यांनी निकाल दिला, "कापून मोकळी व्हा, कोंबडीला कुठं पानी पाजता?" त्याच आठवड्यात त्यांची मोटारसायकल टँकरच्या पाण्यानं धुतली गेली. चुलते आज नाहीत, पण ती ओली मोटारसायकल मी विसरलेले नाही.

आईनं कोंबड्या कापल्या नाहीत. फुटक्या रांजणाचं खापर तिनं लिंबाच्या बुडाशी जमिनीत पुरलं, काठोकाठ. खापर पुरलेलं असलं की पाणी तापत नाही, आणि तापलेलं पाणी कोंबडी फारसं पीत नाही. तांदळाचं धुवण, भाजीचं धुवण, राखेनं घासलेल्या भांड्यांचं निवळलेलं पाणी, सगळं त्या खापरात जायचं. साबणाची घासणी तिनं त्या वर्षी घरातूनच हद्दपार केली.

2013 च्या सुरुवातीला जनावरांच्या चारा छावण्या आल्या. गायी-बैल तिकडं गेले, त्यांच्यामागं पुरुष गेले. छावणीनं जनावरं जगवली, हे मी मान्य करते; पण घरी राहिलेल्या कोंबड्यांचं त्यामुळं काय झालं, ते कुठल्याच अहवालात नाही. गोठा रिकामा झाला आणि उकिरडा सुकला. कोंबडी दाण्यावर जगते असं शहरातल्या माणसाला वाटतं. आमच्याकडची कोंबडी उकिरड्यावर जगते. शेणातले किडे, वैरणीतून गळालेलं कणीस, गव्हाणीखालचा भुसा, हे तिचं ताट. गाय दाराशी नसली की ते ताटच उचललं जातं. बाजरीची खळी तर आधीच संपली होती. मळणीयंत्र रानातच धान्य पोत्यात भरू लागलं तेव्हापासून अंगणात दाणा सांडणं बंद झालं. फेब्रुवारीत कोंबड्यांची छातीची हाडं हाताला लागायला लागली.

मग आईनं वाळवी पाळली. एका मडक्यात वाळलेलं शेण, जुन्या पाचटाचा चुरा आणि गोणपाटाचा तुकडा घालायचा, ओंजळभर पाणी शिंपडायचं आणि वारुळाजवळ मडकं पालथं घालायचं. सकाळी उचललं की आत पांढरीशुभ्र वाळवी. ओंजळभर पाण्यात वीस कोंबड्यांची न्याहरी. त्याच सुमारास गावात एक प्रशिक्षण झालं आणि कोंबड्यांना पूरक खाद्य म्हणून अझोला लावा, असा सल्ला आम्हाला मिळाला. अझोला पाण्यावर वाढतो, त्याला हौद लागतो. टँकरच्या रांगेतून उठून आलेल्या बायका ते ऐकत होत्या. कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही, आणि ते मला आजही बोचतं.

उन्हाचं शास्त्र मला पुढं पुस्तकातून कळलं. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडून धापा टाकून ती अंग थंड करते. त्या धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं, म्हणून मे महिन्यातलं अंडं बोटानं दाबलं तरी पिचकतं. अंडं नुसतं उबाऱ्यात पडून राहिलं तरी आतला जीव अर्धवट हलतो आणि मरतो. आईला यातला एकही शब्द ठाऊक नव्हता. पण शिमगा झाला की ती कोंबडी अंड्यांवर बसवत नसे, आणि त्याआधी साठवायची अंडी माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवत असे. एकवीस दिवसांत तेरातली अकरा अंडी फुटायची. एकदा तिचं न ऐकता मी एप्रिलमध्ये खुडूक बसवली. तेराच्या तेरा अंडी कुजली आणि कोंबडी वाळून गेली.

2013 साली आईचं खुराडं चारांवर आलं. वाचवलं ते ऊसतोडीनं. दसरा झाला की आमच्या गल्लीतली निम्मी घरं कारखान्याला जातात. ट्रॉलीच्या मागं भांड्यांच्या पोत्याशेजारी डालगं बांधलेलं असतं. तिथं कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीपाशी, पाणी असतं, पाचट असतं, बैल असतात, म्हणजे उकिरडाही असतो. आमच्या कोंबड्या इथं मरत होत्या तेव्हा शेजारच्या काकूच्या कोंबड्या पाटाच्या मुलखात पिल्लं काढत होत्या. एप्रिलमध्ये काकू परतली ती बावीस पिल्लं घेऊन. तिनं आईला दोन तलंगा दिल्या, वाट्यानं, निम्मी पिल्लं परत करायच्या बोलीवर. आमच्या गल्लीचं कोंबड्यांचं बी असं माणसांबरोबर पाण्याकडं जायचं आणि माणसांबरोबर परत यायचं. त्याची कुठं नोंद नाही.

त्या दशकात सरकारी योजनाही आली. 25 तलंगा आणि 3 नर, निम्मं अनुदान. त्यातले वनराजा, गिरिराजासारखे पक्षी अंगानं भरतात, अंडीही जास्त देतात. त्यांच्यावर संशोधकांनी घेतलेल्या कष्टांना मी नावं ठेवणार नाही. पण ते जड पक्षी बाभळीवर उडून बसू शकत नाहीत, म्हणून मुंगूस आणि कुत्रं त्यांना आधी गाठतं. आणि ते खुडूक होत नाहीत. खुडूक न होणारी कोंबडी मेली की तिची जागा घ्यायला मागं पिल्लू नसतं. पुन्हा विकत आणावी लागते. आमच्या गावात आलेल्या त्या पक्ष्यांपैकी 2016 चा उन्हाळा एकानंही पाहिला नाही. त्याच उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. आईच्या तीन कोंबड्या राहिल्या, तिन्ही गावरान.

31 ऑक्टोबर 2018 ला राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. पुन्हा छावण्या. 2019 च्या मे महिन्यात छावणीतल्या मोठ्या जनावराचं अनुदान वाढवून दिवसाला 100 रुपये झालं. गायीच्या एका दिवसाच्या चाऱ्यापाण्याला शंभर, आणि आता कोंबडीच्या सगळ्या जिवाला शंभर. मी गायीचं कमी करा म्हणत नाही. पण त्याच 2019 च्या पशुगणनेत परसातल्या कोंबड्या देशभर 31 कोटींच्या वर मोजल्या गेल्या, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे 46 टक्के जास्त. मोजायला कोंबडी दिसते. पाणी वाटताना दिसत नाही. टँकरच्या कागदावर तिच्या नावानं दहा लिटर लिहिलं असतं तर पाथर्डीतल्या किती बायकांच्या पदराची गाठ सुटली नसती!

नंतरची वर्षं भराभर गेली. 2019 मध्ये कडकनाथ कोंबडीपालनाचा घोटाळा उघड झाला आणि गावातल्या दोघांचे पैसे बुडाले. 2020 मध्ये कोंबडीनं करोना होतो ही अफवा आली. दरम्यान माळवदं पाडून पत्र्याची आणि स्लॅबची घरं झाली. माळवदाच्या जिन्याखालचा तो गार कोनाडा, जिथं पिढ्यान्‌पिढ्या खुराडं होतं, नव्या घराच्या नकाशात नाही. आमचा जिना राहिला, कारण आईनं माळवद पाडू दिलं नाही. पण पुढं कोंबड्या चौदा झाल्या, कोनाडा पुरेना, म्हणून डालगं अंगणात आलं. तिथंच पाणी आलं.

दिवाळी झाली. थंडी पडली आहे, अंडी बसवायचे हेच दिवस. आईनं लिंबाखालचं खापर गाळातून खरवडून काढलं, धुतलं आणि पुन्हा पुरलं. मी वरच्या आळीतून नऊ अंडी आणली. ती माठाखालच्या वाळूत ठेवली आहेत. पण बसवायला खुडूक कोंबडी नाही. आमच्या गल्लीत कुणाकडंच नाही. काकू गेल्या आठवड्यात कारखान्याला गेली, तिच्या ट्रॉलीमागचं डालगं रिकामं होतं. माळावरच्या वस्तीवर एकीकडं खुडूक आहे असं कळलंय. अंडी फार दिवस ठेवता येत नाहीत. उद्या पहाटे आईला घेऊन मी तिकडं निघणार आहे.