खचलेली जमीन पुन्हा वर येत नाही

किनारपट्टीवरील जमिनीखाली वाळू व चिकणमातीचे थर असतात. त्यांच्या कणांमधील पाणी वरचा काही भार तोलून धरते. भूजलाचा बेसुमार उपसा झाला की चिकणमाती दबते आणि जमीन खचते. पुढे पाणी मुरले, तरी दबलेला थर पूर्ववत होत नाही.

इंडोनेशियातील जकार्ता शहरात नळाचे पाणी सर्वांपर्यंत पोहोचले नाही. घरे आणि कारखान्यांसाठी विंधन विहिरी खोदल्या गेल्या. परिणामी उत्तरेकडील अनेक वस्त्या समुद्रसपाटीखाली गेल्या असून, त्यांचे रक्षण किनाऱ्यावरील भिंत करते.

टोकियोच्या कोतो भागात जमीन चार मीटरहून अधिक खचली होती. १९५६ व १९६२ च्या कायद्यांनी उपशावर निर्बंध आणल्यानंतर ही घसरण जवळपास थांबली. गमावलेली उंची मात्र परत मिळालेली नाही.