रोबोट, सुरी आणि भूम-परंड्याची कावीळ

जगभरच्या कर्करोगतज्ज्ञांना आपला जिल्हा त्याच्या जुन्या नावाने, उस्मानाबाद म्हणून, ठाऊक आहे. १९९९ मध्ये टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने इथल्या गावांचे ५२ गट पाडले आणि १,३१,७४६ स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासण्या ताडून पाहिल्या. एकाच एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये सिद्ध झालं. त्याआधी १९८७ पासूनच बार्शी, भूम, परंडा या तालुक्यांत कर्करोगाची गावोगाव नोंद सुरू होती. ग्रामीण भारतातली ती पहिली. एवढा चोख हिशेब ठेवलेल्या मुलखाने स्वादुपिंडाच्या कर्करोगावरच्या रोबोटिक सर्जरीचे फलक पाहून हुरळून जाऊ नये, आधी आकडे मागावेत.

स्वादुपिंड वीतभर लांबीचं, जठराच्या मागे दडलेलं. त्याच्या डोक्याशी गाठ झाली की पित्ताची वाट अडते आणि कावीळ होते. उपाय व्हिपलची शस्त्रक्रिया. न्यूयॉर्कच्या अ‍ॅलन व्हिपल यांनी ती १९३५ मध्ये मांडली. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग काढायचा आणि उरलेलं पुन्हा जोडायचं. खरी कसोटी जोडताना. निरोगी स्वादुपिंड लोण्यासारखं मऊ, टाका जरा जास्त ओढला की चिरतं. आतली नलिका कधी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. सांधा गळला तर पाचकरस आजूबाजूच्या रक्तवाहिन्याच कुरतडतो. टाके खुल्या पोटातून घातले काय नि रोबोटने काय, ही भीती तीच.

रोबोट स्वतः काहीच कापत नाही. सर्जन शेजारच्या कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतो. दृश्य मोठं दिसतं, हाताचा कंप गाळला जातो, अवजार मनगटासारखं वळतं. दुर्बिणीच्या सरळ काड्यांपेक्षा हे कितीतरी सोयीचं, यात शंका नाही. पण दुर्बिणीचा अनुभव सावध करणारा आहे. कोइम्बतूरच्या ६४ रुग्णांच्या चाचणीत (२०१७) दुर्बिणीने रुग्णालयातला मुक्काम १३ दिवसांवरून ७ वर आला. नेदरलँड्समध्ये मात्र दुर्बिणीच्या ५० पैकी ५ रुग्ण गुंतागुंतीने दगावले, खुल्या शस्त्रक्रियेच्या ४९ पैकी १. चाचणी मध्येच थांबवावी लागली. रोबोटबाबत चीनमधल्या १६१ रुग्णांच्या चाचणीत (२०२४) मुक्काम साडेतेरावरून अकरा दिवसांवर आला. तिथले सर्जन मुरलेले होते. त्याच वर्षीच्या हायडेलबर्गच्या छोट्या चाचणीत एकूण गुंतागुंत दोन्हींकडे सारखीच निघाली. म्हणजे मुरलेल्या हातात रोबोटने दोन-अडीच दिवस वाचू शकतात. त्यासाठी घरच्यांनी जमीन गहाण टाकावी, असं मला वाटत नाही.

मोठा फरक भलतीकडेच आहे. अमेरिकेतल्या २००२ च्या अभ्यासात स्वादुपिंड काढण्याच्या शस्त्रक्रिया क्वचितच करणाऱ्या रुग्णालयांत १६.३ टक्के रुग्ण दगावले, भरपूर करणाऱ्यांत ३.८. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारावा: तुमच्याकडे वर्षाला किती व्हिपल होतात? रोबोट आहे का, हे नंतर.

आणि तिथवर वेळेत पोचलं तर! आपल्याकडे कावीळ म्हटलं की आधी माळ घालतात, झाडपाला देतात, पथ्य सांगतात. साधी कावीळ आपसूक उतरते, श्रेय माळेला मिळतं. गाठीची कावीळ उतरत नाही. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला न दुखता कावीळ झाली, अंगाला खाज सुटली, शौच पांढरट झालं, भूक मेली किंवा ध्यानीमनी नसताना साखर वाढली, तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन करून घ्यावा. निदान होतं तेव्हा शंभरातल्या पंधरा-वीस जणांचीच गाठ काढण्याजोगी उरलेली असते.