ग्लॉकॉनचा प्रश्न, नागपूरचं उत्तर

न्यायाने वागणारा आयुष्यभर हाल सोसतो आणि अन्याय करणारा चैनीत राहतो, तर न्यायाने वागायचं कशासाठी? प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये त्याचा भाऊ ग्लॉकॉन सॉक्रेटिसला हे विचारतो. त्यासाठी तो एक गोष्ट सांगतो: लिडियातल्या एका मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडते; तो राणीला फितवतो, राजाला मारतो आणि राज्य बळकावतो. कुणी पाहणारं नसेल तर सगळेच असं वागतील, असं लोक म्हणतात. तेव्हा न्यायी माणसाचा पैसा, नावलौकिक, सगळं काढून घ्या, वर त्याला चाबकाने फोडून काढा. तरीही त्याचंच जगणं बरं, हे दाखवून द्या, असा ग्लॉकॉनचा आग्रह.

सॉक्रेटिस म्हणतो, न्याय हे मनाचं आरोग्य आहे. जुलमी राजा स्वतःच्या वासनांचा गुलाम असतो. उत्तर सुंदर आहे, पण ते ग्रंथातलं. ही कसोटी लाखो माणसांना प्रत्यक्ष द्यावी लागली ती नागपुरात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी मुंबईतल्या कष्टकरी बायकांचा दाखला दिला. अर्धपोटी राहतील, पण अब्रू विकून सुखाचा घास खाणार नाहीत. माणसाला लाभापेक्षा मान मोठा वाटतो, हा त्यांचा मुद्दा थेट ग्लॉकॉनला भिडतो.

मात्र प्लेटोची न्यायाची व्याख्या नागपूरला चालण्यासारखी नव्हती. ज्याने त्याने आपल्या वर्गाचं काम करावं, हा त्याचा न्याय. माणसांना मोजक्या वर्गांत कोंबणारी ही दृष्टी उथळ आहे, असं बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये चातुर्वर्ण्याची चिकित्सा करताना लिहिलं होतं. म्हणजे प्रश्न ग्रीकांचा, पण न्याय समतेचा. माझ्या मते नागपूरचं उत्तर सॉक्रेटिसच्या उत्तरापेक्षा वजनदार आहे, कारण त्याची किंमत मोजली गेली.

ती किंमत कागदावर लिहिलेली होती. अनुसूचित जाती ठरवणाऱ्या केंद्राच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातीत धरला जात नव्हता. शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव जागा, सगळंच पणाला लागलं. दारात आलेल्या प्रगणकाला जुना धर्म सांगितला असता तर कोण तपासणार होतं? तरीही महाराष्ट्रात १९५१ च्या जनगणनेत जेमतेम अडीच हजार असलेले बौद्ध १९६१ मध्ये सुमारे २८ लाख झाले. दाखल्यावर जुनी जात राहू देणारेही होते. मुलांच्या शिक्षणापायी तसं करणाऱ्यांना दोष देण्याचा अधिकार कुणाला नाही.

महाराष्ट्र स्थापन झाल्यावर राज्याने आपल्या अखत्यारीतल्या सवलती बौद्धांना दिल्या. केंद्राने कायदा बदलला तो १९९० मध्ये, दीक्षेनंतर ३४ वर्षांनी.