खून खटल्यातील पहिला दूरध्वनी

खुनाची पहिली वार्ता पुष्कळदा दूरध्वनीवरून पोलीस नियंत्रण कक्षात येते. महाराष्ट्रात ११२ क्रमांकावरील कॉल घेणारा कर्मचारी ठिकाण व प्रसंग विचारून संगणकात नोंद करतो. ती जिल्हा कक्षामार्फत जवळच्या वाहनाला मिळते. मदत पाठविणे हे त्याचे काम, जबाब घेणे नव्हे.

हाच भेद न्यायालयात कळीचा ठरतो. लुधियानाच्या टॅक्सी स्टँडवरील गोळीबाराचा निनावी, त्रोटक दूरध्वनी प्रथम खबरी अहवाल ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने तपिंदर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात (१९७०) दिला. तसा तो ठरला असता, तर प्रत्यक्षदर्शीची नंतरची सविस्तर फिर्याद केवळ तपासातील निवेदन उरती आणि फिर्यादी पक्षाला तिचा आधार घेता आला नसता. बचाव पक्ष कॉलच्या नोंदीवर बोट ठेवतो तो बहुधा यासाठीच.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही खबर देता येते. मात्र खबर देणाऱ्याने तीन दिवसांत स्वाक्षरी केल्यावरच ती अभिलेखावर घेतली जाते. निनावी कॉल करणारा स्वाक्षरीला येईल कसा, हा प्रश्न उरतोच.